तीच ट्यूब, तीच गोळी, मग गजकर्ण का जाईना? – वाचकांचे प्रश्न, त्वचेच्या डॉक्टरची उत्तरं

या वेळी पत्रं दोन तऱ्हेची आली, निम्मी पेशंटची आणि निम्मी चक्क डॉक्टरांची. आधी वाटलं डॉक्टरांची बाजूला ठेवावीत, पण वाचत गेले तसं लक्षात आलं की दोघंही एकच गोष्ट विचारायलेत: त्वचेच्या आजारांबद्दल जे नवीन कळलंय ते आमच्या तालुक्याला कधी पोचणार? म्हणून सगळी एकत्रच घेतलीत. काही उत्तरं लांबलीत, तिथं लांबवणं भाग होतं.

केज तालुक्यातून एक गुरुजी लिहितात: मॅडम, दोन वर्षं झाली घरात गजकर्ण आहे. आधी मला कमरेला झालं, मग मंडळीला, आता पोराच्या मांडीला. मेडिकलवरून ट्यूब आणतो, चार दिवसांत खाज थांबते आणि पंधरा दिवसांत डबल येतं. माझ्या वडलांना हेच झालं होतं तेव्हा थोड्या दिवसांच्या गोळ्यात कायमचं गेलं. आता औषधं डुप्लिकेट यायलीत का?

गुरुजी, तुमच्यासारखी पत्रं गेली कित्येक वर्षं येतायत, आणि डुप्लिकेटचा संशय जवळपास प्रत्येकालाच असतो. पण खरी गोष्ट अशी आहे की बुरशीच बदललीय. साधारण गेल्या दहा-बारा वर्षांत भारतभर गजकर्णाचं स्वरूप पालटलं, मोठमोठे चट्टे, घरातल्या सगळ्यांना, चेहऱ्यावरसुद्धा, आणि औषध बंद केलं की परत. 2020 साली जपानच्या संशोधकांनी भारत आणि नेपाळमधल्या पेशंटकडून आलेल्या बुरशीचा अभ्यास करून तिला वेगळं नाव दिलं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए. नावातच आपला देश आला. तुमच्या वडलांच्या वेळची बुरशी आणि ही, नात्यातल्या आहेत पण एक नाहीत.

टर्बिनाफिन नावाची जी गोळी आम्ही सगळे डोळे झाकून लिहायचो ती बुरशीतल्या एका एन्झाइमला जाऊन चिकटते आणि बुरशीला तिचं आवरण बांधू देत नाही. या नव्या बुरशीच्या पुष्कळ नमुन्यांत त्या एन्झाइमच्या जीनमध्येच बदल झालेला सापडतो, मग गोळी चिकटायला जागाच राहत नाही. तुम्ही गोळी वेळेवर घेता, कंपनी चांगली, डोसही बरोबर, तरी चट्टा जात नाही, त्याचं एक मोठं कारण हे आहे. 2023 मध्ये अमेरिकेतसुद्धा न्यूयॉर्कच्या दोन बायकांमध्ये ही बुरशी सापडल्याचं तिथल्या सरकारी यंत्रणेनं जाहीर केलं, आणि त्यातली एक तर परदेशात गेलेलीच नव्हती. म्हंजे हा नुसता केजचा प्रश्न राहिला नाही.

दुसरं कारण तुमच्या ट्यूबमध्ये आहे. मागच्या महिन्यात एक आजी आल्या, त्यांनी कॅरीबॅग उलटी केली आणि माझ्या टेबलावर अकरा ट्यूबा पडल्या, काही अर्ध्या पिळलेल्या, काहींची टोपणं गायब. एकेक उचलून मागची बारीक अक्षरं वाचली, नऊ ट्यूबांत स्टिरॉइड निघालं. स्टिरॉइडनं खाज आणि लाली दबते, बुरशी मरत नाही, उलट शरीराचा विरोध कमी झाल्यामुळं ती निवांत पसरते. चट्ट्याची ती गोल उठावदार कड मोडते, मधली कातडी चकचकीत पातळ होते, जांघेत चिरा पडल्यासारख्या रेघा उमटतात आणि त्या रेघा मग कशानंच जात नाहीत. अशा ओळख बुजलेल्या गजकर्णाला टिनिया इन्कॉग्निटो म्हणतात, हे नाव 1968 सालचं आहे, म्हंजे माहिती साठ वर्षं जुनी होत आली आणि ट्यूबा अजून मेडिकलवर बिनचिठ्ठीच्या मिळतायत. 2018 मध्ये सरकारनं अशा स्टिरॉइड मलमांवर चिठ्ठीची सक्ती केली, कागदावर ती आहे. मला याचा मनापासून राग येतो, कारण भोगतो तो पेशंट.

आता काय करायचं. सगळ्यात आधी ती ट्यूब बंद, आणि बंद केल्यावर आठ-पंधरा दिवस खाज वाढेल, तेव्हा घाबरून परत लावू नका. घरातल्या तिघांनी एकाच दिवशी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, एकेकट्यानं उपचार घेतला तर गजकर्ण घरातल्या घरात फिरत राहतं. डॉक्टर चट्ट्याच्या कडेची खपली बोथट पात्यानं खरवडून काचेच्या पट्टीवर पोटॅशचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बघतील, दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. इट्राकोनाझोल हे बुरशीवरचं दुसरं औषध दिलं तर कॅप्सूल जेवणानंतर लगेच घ्या, अ‍ॅसिडिटीच्या गोळीसोबत घेऊ नका नाहीतर ती अंगी लागत नाही, आणि हृदयाचा त्रास असेल किंवा दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. उपचार काही आठवड्यांचा असतो, चट्टा दिसेनासा झाला म्हणून आपल्या मनानं थांबवायचा नाही.

आणखी एक, कमरेचा करदोडा. वर्षानुवर्षं न बदललेला, घामानं भिजलेला तो काळा दोरा मी रोज बघते, बरोबर त्याच्याखाली चट्टा असतो. श्रद्धेची गोष्ट आहे, काढा म्हणत नाही, निदान उपचार चालू असेपर्यंत काढून ठेवा आणि नंतर नवीन बांधा. कपडे रोज गरम पाण्यात धुवा हे सांगायला सोपं आहे, आठ दिवसाला नळ येणाऱ्या गावात ते कसं करायचं? म्हणून मी एवढंच सांगते, आजारी माणसाचे आतले कपडे आणि टॉवेल वेगळे, एका छोट्या बादलीत गरम पाण्यात भिजवा, आणि उलटे करून कडक उन्हात वाळवा. पाणी कमी असलं तरी ऊन आपल्याकडं भरपूर आहे, ते वापरा.

औसा तालुक्यातले एक जनरल प्रॅक्टिस करणारे डॉक्टर विचारतात: रोजच्या ओपीडीतले निदान पंधरा-वीस पेशंट कातडीचे असतात. सगळ्यांना लातूरला पाठवणं शक्य नाही, भाड्याचे पैसे नसतात. नवीन काय आलं ते आम्हाला औषध कंपनीचा प्रतिनिधी, एमआर, सांगतो. सीएमईला, म्हंजे डॉक्टरांसाठीच्या शिकवणीच्या कार्यक्रमांना जातो, पॉइंट मिळतात, जेवण करून परत येतो, डोक्यात काही राहत नाही. खरंच शिकायचं असलं तर कसं शिकावं?

सर, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मराठवाड्यात कातडीचा पहिला डॉक्टर तुम्हीच आहात, मी दुसरी किंवा तिसरी, म्हणून तुमचं शिकणं माझ्या शिकण्यापेक्षा जास्त पेशंटना उपयोगी पडणारंय.

पॉइंटचं आधी सांगते. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट लागतात, रजिस्ट्रेशन रिन्यू करायला. ती किमान अट आहे, हजेरीचा हिशोब आहे, त्यातून शिकणं होतंच असं नाही. हॉलमध्ये बसल्यावर पहिली गोष्ट बघायची की बोलणारा माणूस आजाराबद्दल बोलतोय का एका ब्रँडबद्दल. मार्च 2024 पासून औषध कंपन्यांसाठी नवीन कोड आलाय, डॉक्टरांना भेटी, सहली, परदेशवाऱ्या देऊ नयेत असं त्यात स्पष्ट आहे. एमआर हा आपला शत्रू नाही हो, तो त्याचं काम करतो, उन्हातान्हात फिरतो बिचारा. पण त्यानं दाखवलेला रंगीत कागद हा जाहिरातीचा कागद असतो, तिथं फक्त जिंकलेल्या गोष्टी असतात.

वाचायला फुकट पुष्कळ आहे. आपल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेची, आयएडीव्हीएलची, दोन जर्नल्स आहेत, आयजेडीव्हीएल आणि इंडियन डर्मेटॉलॉजी ऑनलाइन जर्नल, दोन्ही मोबाइलवर पैसे न देता उघडतात, आणि त्यातले पेशंट आपल्यासारखे असतात, आपल्या रंगाचे, आपल्या हवेतले, हे फार महत्त्वाचं. पबमेड या वैद्यकीय संशोधनाच्या वेबसाइटवर शोधलं तर निदान सारांश तरी मिळतोच. सरकारी कॉलेजातल्या मुलांसाठी 1 जानेवारी 2025 पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही जर्नल्स वाचायला देणारी सरकारी योजना सुरू झालीय, 30 प्रकाशकांची जवळजवळ 13,000 जर्नल्स त्यात आहेत, तुमच्या ओळखीचं कोणी तिथं शिकत असेल तर एखादा पेपर समजून घ्यायला त्याच्याशी बोला, त्यालाही बरं वाटेल.

पण नुसतं वाचू म्हटलं की होत नाही, दिवसभर पेशंट बघून रात्री दहाला कोण वाचणार. मी असं करते: एक वही ठेवलीय, ज्या पेशंटला माझ्या औषधानं बरं वाटलं नाही त्याची एक ओळ, वय, आजार, काय दिलं, काय झालं. महिन्याअखेर वही उघडली की कुठला आजार आपल्याला हरवतोय ते दिसतं, आणि त्या महिन्यात फक्त त्याच आजाराचं वाचायचं. माझ्या वहीत एक काळ पानंच्या पानं गजकर्ण होतं.

पेपर हातात आला की तीन गोष्टी बघा. एक, औषध कोणावर वापरून बघितलं, त्यातले पेशंट तुमच्या पेशंटसारखे होते का, का स्टिरॉइड कधीच न लावलेले, शुगर नसलेले तरुण निवडून घेतले होते. दोन, तुलना कशाशी केली. नुसत्या बेस मलमाशी, म्हंजे औषध नसलेल्या मलमाशी, तुलना करून जिंकणं सोपं असतं, आपल्याला हवं असतं की रोजच्या वापरातल्या औषधापेक्षा हे चांगलं का. तीन, किती दिवस बघितलं. गजकर्णात चार आठवड्यांनी कातडी साफ दिसली म्हणून अभ्यास तिथंच थांबवला तर काय उपयोग, आपला पेशंट आठव्या आठवड्यात परत येतो. आणि आकडा सांगताना ‘धोका निम्मा झाला’ असं लिहिलं असेल तर कितीवरून किती ते शोधा, शंभरात दोघांचा एक झाला तरी निम्माच होतो आणि शंभरात चाळीसचे वीस झाले तरी निम्माच.

तुमच्याकडं साधा मायक्रोस्कोप असेल तर पोटॅशची तपासणी शिकून घ्या, जवळच्या मेडिकल कॉलेजच्या स्किन ओपीडीत एक-दोन दुपारी बसलात तरी हात बसेल, मी ओळखीच्या दोन डॉक्टरांना असंच शिकवलंय आणि आता त्यांच्या चिठ्ठीवर ‘बुरशी सापडली’ असं लिहून पेशंट येतो तेव्हा माझा अर्धा वेळ वाचतो. फोटो काढायचा तर पेशंटला विचारून, चेहरा झाकून, आणि नावासकट ग्रुपवर टाकायचा नाही.

एक पेशंट मात्र कधीच थांबवून ठेवू नका. नवीन गोळी सुरू होऊन एक ते चार आठवड्यांच्या आत ताप, अंगावर दुखरे काळपट लाल चट्टे, आणि तोंडात, डोळ्यात, लघवीच्या जागी फोड किंवा सालं निघणं. फिट्सची गोळी, गाऊटची अ‍ॅलोप्युरिनॉल, सल्फा, काही दुखण्यावरच्या गोळ्या, हे नेहमीचे गुन्हेगार. ती गोळी त्याच मिनिटाला बंद आणि त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात, बरोबर सगळ्या गोळ्यांची पाकिटं बांधून. यात एका रात्रीनं फरक पडतो.

जालन्याहून एक आई: मुलगी चौदा वर्षांची आहे, ओठाजवळ आणि बोटांवर कोड आलंय. पाहुण्यानं सांगितलं अमेरिकेत कोडावर नवीन मलम निघालंय, शंभर टक्के जातं. खरं आहे का डॉक्टरताई? लग्नाचं कसं होईल म्हणून झोप लागत नाही.

ताई, मलम निघालंय हे खरं आहे, शंभर टक्के हे खरं नाही. जुलै 2022 मध्ये अमेरिकेत रुक्सोलिटिनिब नावाच्या मलमाला बारा वर्षांवरच्या पेशंटसाठी मंजुरी मिळाली. कोडात शरीराच्याच पेशी रंग बनवणाऱ्या पेशींवर चालून जातात, त्या हल्ल्याचा निरोप पोचवणारी जी साखळी असते तिला हे औषध मधेच अडवतं. दोन मोठ्या अभ्यासांत मिळून 674 पेशंट होते, सहा महिन्यांनी शंभरातल्या साधारण तीस जणांच्या चेहऱ्यावरचा निदान तीन चतुर्थांश रंग परत आला, नुसतं बेस मलम लावणाऱ्यांत हे प्रमाण शंभरात सात ते अकराच्या आसपास. तीस हा आकडा कोडात खरंच आनंदाचा आहे. पण उरलेल्या सत्तर जणांना तेवढा फायदा सहा महिन्यांत झाला नाही हेही त्याच पेपरात आहे. चेहऱ्याला गुण लवकर येतो, बोटांची टोकं आणि ओठ फार हट्टी असतात, हे सगळ्याच उपचारांत दिसतं.

कुणी परदेशातून ट्यूब आणून देतो म्हटलं तर घेऊ नका, हे औषध किती जागेवर, किती दिवस, हे डॉक्टरनीच ठरवायचं असतं. आपल्याकडं मिळणारे उपचारही चांगले आहेत, टॅक्रोलिमस मलम, नॅरोबँड यूव्हीबीचा प्रकाश, आणि डाग वर्षभर जागचे हलले नाहीत तर त्वचेच्या पेशी लावण्याचं ऑपरेशन. वेगानं पसरणारं कोड थांबवायला आठवड्यातून फक्त दोन दिवस स्टिरॉइडची गोळी देण्याची पद्धत दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पसरिचांनी बसवली, ती आजही वापरतात. लवकर सुरू केलं तर लवकर गुण येतो, म्हणून थांबू नका.

मुलीसमोर लग्नाचा विषय काढू नका ताई, हात जोडून सांगते. चौदा वर्षांचं लेकरू आपला चेहरा आधी आईच्या डोळ्यात बघतं.

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात त्वचारोगाचं एमडी करणारी एक निवासी डॉक्टर: मॅडम, पुस्तकात ‘लाल चट्टा’ असं लिहिलेलं असतं, फोटोही तसेच, आणि ओपीडीत तो लाल कुठंच दिसत नाही. थिसिस करताना वाटतं की आपण इथं काय नवीन शोधणार, खरं संशोधन तर बाहेरच होतं.

बाळा, लाल दिसत नाही कारण पुस्तकातली कातडी गोरी आहे. आपल्या सावळ्या अंगावर तोच सोरायसिस जांभळट, करडा दिसतो, इसब तपकिरी काळपट दिसतं, लाली शोधत बसलं तर आजार गंभीर असूनही सौम्य वाटतो. म्हणून बोट लावून बघायचं, गरम लागतंय का, जाड लागतंय का, दाबल्यावर रंग हलतो का, आणि शेजारच्या चांगल्या कातडीशी ताडून बघायचं. त्वचेच्या रंगाचं जे फिट्झपॅट्रिक वर्गीकरण तू पाठ केलंस ते 1975 सालचं, प्रकाश उपचाराचा डोस ठरवायला केलेलं, आणि त्यात सुरुवातीला आपल्यासारख्यांचे पाचवा-सहावा प्रकार नव्हतेच, ते नंतर जोडले. म्हंजे ज्यांनी लिहिलं त्यांच्यासमोर आपले पेशंट बसलेले नव्हते. तुझ्यासमोर रोज बसतात.

पेम्फिगसचं बघ. अंगभर फोड येऊन माणसं मरायची, स्टिरॉइडचे मोठे डोस रोज देऊन स्टिरॉइडनंच हाल व्हायचे. 1980 च्या दशकात एम्समध्ये पसरिचा सरांनी महिन्यातून तीन दिवस डेक्सामेथासोन आणि त्यातल्या एका दिवशी सायक्लोफॉस्फमाइडही सलाइनमधून देण्याची पद्धत काढली, आणि देशभरातल्या वॉर्डांत कितीतरी पेशंट त्यावर जगले. आज रिटुक्सिमॅब हे इंजेक्शन पुढं आलंय, अमेरिकेत 2018 मध्ये त्याला पेम्फिगससाठी मंजुरी मिळाली, ते योग्यच आहे. पण त्या काळात ती वाट आपल्या वॉर्डात, आपल्या पेशंटच्या ऐपतीकडं बघून शोधली गेली.

तुझ्या थिसिससाठी मोठं मशीन लागत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या हातांचं काय होतं, सहा महिने फडावर असताना त्यांचा सोरायसिसचा, कुष्ठरोगाचा उपचार कुठं तुटतो, हे बीडच्या माणसाला समोर दिसतं. सावळ्या कातडीवर डर्मोस्कोपनं, म्हंजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या भिंगानं, कुठला आजार कसा दिसतो त्याचे चांगले फोटो जमव. आणि जे औषध फेल गेलं तेही छाप, फेल गेलेलं कुणी लिहीत नाही म्हणून पुढचा डॉक्टर तीच चूक करतो.

जिंतूरहून एक शेतकरी: श्रावण लागला की तोंड, पापण्या, मान सुजते, खाजून खाजून कातडी हत्तीसारखी झाली. उन्हाची अ‍ॅलर्जी म्हणायलेत. पण उन्हाळ्यात कमी आणि पावसाळ्यात जास्त, हे कामून?

दादा, तुमच्या ‘कामून’मध्येच उत्तर आहे. बांधावर काँग्रेस गवत आहे का बघा, ज्याला गाजर गवत म्हणतात, पांढऱ्या बारीक फुलांचं. 1955 च्या सुमारास ते पहिल्यांदा पुण्यात आढळलं आणि तिथून देशभर पसरलं. त्याचे कण हवेतून येऊन उघड्या कातडीवर बसतात आणि अ‍ॅलर्जी होते, 1974 मध्येच पुण्याच्या पेशंटवरचा अभ्यास छापून आला होता. पापण्यांवर, मानेच्या आणि कोपराच्या घडीत जास्त होणं ही त्याची खूण, नुसत्या उन्हाचा त्रास असता तर पापणीचा आणि हनुवटीखालचा सावलीतला भाग वाचला असता. बरीच वर्षं तसंच राहिलं तर मात्र पुढं ऊनही सोसेनासं होतं.

पाठीवर पट्टी लावून पॅच टेस्ट करतात, 48 तासांनी पट्टी काढून बघतात, तोवर पाठ भिजवायची नाही. औषधांत अ‍ॅझाथायोप्रिन ही गोळी यावर चांगली चालते, रक्त तपासत तपासत द्यावी लागते. शेतातून आलं की कपडे बाहेरच बदला, लगेच तोंड-मान धुवा. गवत फुलावर यायच्या आत उपटायचं, पण ते तुम्ही उपटायचं नाही, ज्याला त्रास नाही त्यानं हातमोजे घालून उपटायचं.

परंड्याहून एक ताई: वांगावर रोज सनस्क्रीन लावते तरी वाढतोच.

साधं सनस्क्रीन अतिनील किरणं अडवतं, पण वांग डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानंही वाढतो हे आता चांगलं कळलंय. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाची छटा असलेलं टिंटेड सनस्क्रीन घ्या, नखभर नाही, दोन बोटांवर ओढलेल्या रेघांएवढं, आणि दुपारी परत. पार्लरमधली कुठली ‘गोरं करणारी’ क्रीम चालू असेल तर तिची डबी घेऊन डॉक्टरकडं जा, त्यात बहुतेक वेळा स्टिरॉइड निघतं.

लातूरहून एक निवृत्त कर्मचारी: सोरायसिसवर नवीन महागडी इंजेक्शनं आलीत म्हणे. मी वर्षानुवर्षं मेथोट्रेक्सेटवर आहे. जुन्या औषधावर राहून माझं नुकसान होतंय का?

काका, तुम्हाला गुण आहे आणि लिव्हर-रक्ताचे रिपोर्ट चांगले आहेत, तर काही नुकसान नाही. नवीन इंजेक्शनं जोरदार आहेत यात शंका नाही. सोरायसिसची सूज पेटवणाऱ्या आयएल-17 या रेणूला अडवणारं सेक्युकिनुमॅब 2015 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, त्यानंतर आणखी आली, ज्यांची कातडी कशानंच साफ होत नव्हती असे पेशंट त्यावर हाफ शर्ट घालायला लागलेले मी बघितलेत. सांधे आखडायला लागले असतील, निम्मं अंग भरलं असेल, मेथोट्रेक्सेट सोसत नसेल, तर जरूर विचारा. आपल्या देशात मात्र इंजेक्शनआधी छपलेला टीबी तपासावाच लागतो, छातीचा एक्सरे आणि मांटू किंवा रक्ताची टेस्ट, तिथं घाई नको.

मेथोट्रेक्सेटबद्दल एक गोष्ट सांगते, ती सांगताना अजून त्रास होतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात एका पेशंटला मी ही गोळी आठवड्यातून एकदा लिहिली, इंग्रजीत, घाईच्या अक्षरात. ते रोज घेत राहिले. नवव्या दिवशी मुलगा त्यांना धरून घेऊन आला, तोंडात सगळीकडं जखमा, घोटभर पाणी गिळताना डोळ्यातून पाणी येत होतं, पांढऱ्या पेशी पार खाली. अ‍ॅडमिट केलं, उतारा दिला, वाचले. त्या दिवसापासून मी मराठीत मोठ्या अक्षरात ‘फक्त रविवारी’ लिहिते, आणि पेशंट स्वतःच्या तोंडानं ‘फक्त रविवारी’ म्हणेपर्यंत चिठ्ठी हातात देत नाही. औषध लिहिणाऱ्या सगळ्यांना विनंती आहे, एवढं कराच. तुम्हीही काका, घरात कुणाला तरी तुमचा वार माहीत असू द्या.

किनवट तालुक्यातून एक आशाताई: ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं की 2005 ला कुष्ठरोग गेला. आमच्या तांड्यावर एका माणसाच्या कोपराच्या वर फिकट चट्टा आहे, खाजत नाही, दुखत नाही, म्हणून तो दाखवायला तयार नाही. त्याच्या पोराच्या गालावर पण पांढुरका डाग आहे, आई म्हणते जंतामुळं. मी काय करू?

ताई, गेला नाही. डिसेंबर 2005 मध्ये देशाचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं, त्याला निर्मूलन म्हटलं, आणि त्या एका शब्दानं फार नुकसान झालं, डॉक्टर सुद्धा चट्ट्याला पेन लावून बघायचे विसरले. जगात दर वर्षी सापडणाऱ्या नवीन कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून जास्त अजून भारतातच असतात. आमच्या डिग्रीच्या नावात कुष्ठरोग आहे, त्वचारोग, गुप्तरोग आणि कुष्ठरोग असं ते पूर्ण नाव, आणि लेझर शिकायला जेवढी गर्दी होते तेवढी नस चाचपायला शिकायला होत नाही, याचं मला वाईट वाटतं.

खाजत नाही, दुखत नाही, हीच तर काळजीची खूण. त्याला डोळे मिटायला सांगा, पेनाचं टोक अगदी हलकं आधी चांगल्या कातडीवर टेकवा, मग चट्ट्यावर, आणि जिथं लागलं तिथं बोट ठेव म्हणा. चट्ट्यावर बोट चुकलं किंवा कळलंच नाही तर थांबायचं नाही. कोपराच्या मागं आतल्या बाजूला जिथं आपटलं की झिणझिण्या येतात तिथली नस दोन्ही हातांची दाबून बघा, एक जाड दोरीसारखी लागते का, करंगळी वाकडी व्हायला लागलीय का. पोराच्या गालावरचा डाग बहुतेक साधा असेल, लहान लेकरांत असे कोरडे पांढुरके डाग खूप असतात आणि त्यांचा जंताशी संबंध नसतो. पण चेहऱ्यावर नसांचं जाळं दाट असल्यामुळं कुष्ठरोगाचा चट्टा असला तरी तिथं संवेदना शाबूत राहू शकते, म्हणून गालावर पेनाच्या परीक्षेवर विसंबू नका, बापाबरोबर त्यालाही न्या.

पीएचसीत, म्हंजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, औषध फुकट आहे, एकत्र घ्यायच्या औषधांचं एमडीटीचं पाकीट, प्रकारानुसार सहा महिने किंवा बारा महिने, आणि सुरू झालं की संसर्ग पसरायचा लवकर थांबतो. निदान पक्कं झालं तर घरच्यांना आणि शेजाऱ्यांना रिफॅम्पिसिनचा एक डोस मिळतो, त्यानं पुढं आजार व्हायची शक्यता कमी होते, तो मागून घ्या. मधेच चट्टे सुजले, हात-पाय अचानक दुखायला लागले, पंजा लुळा वाटला तर गोळ्या बंद करायच्या नाहीत, त्याच दिवशी दाखवायचं, ती रिअ‍ॅक्शन असते आणि त्यावर वेगळं औषध असतं, उशीर झाला तर हात वाकडा राहतो.

माणूस यायला तयार नसेल तर तांड्यावर चारचौघांत कुष्ठरोग हा शब्द काढू नका. ‘नस तपासायची आहे, उद्या सकाळी माझ्याबरोबर चला’ एवढंच म्हणा, आणि जाताना पोराचा हात तुम्ही धरा.